सिम्युलेशनद्वारे प्रशिक्षण : चेन्नईचा अनुभव आणि ऑनलाइन शिक्षणापुढील प्रश्न

चेन्नई : २८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे चेन्नईच्या उत्तरेस, एन्नोर येथील कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. 'बीडब्ल्यू मेपल' हे जहाज बंदरातून बाहेर पडत होते, तर 'डॉन कांचीपुरम' बंदराकडे येत होते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मात्र इंधन तेल समुद्रात सांडले आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागले. एर्णावूरच्या खडकाळ किनाऱ्यावर तटरक्षक दलाचे जवान, स्थानिक रहिवासी आणि विद्यार्थी कित्येक दिवस बादल्यांनी काळा गाळ उपसत होते. मच्छीमारांच्या रोजगारालाही त्याची झळ बसली.

अशा दुर्घटनेत जहाजाच्या नियंत्रणकक्षातील अधिकाऱ्यापाशी निर्णयासाठी मोजकी मिनिटे असतात. हजारो टन वजनाचे जहाज सुकाणू फिरवताच वळत नाही आणि इंजिन थांबवताच उभे राहत नाही. त्यामुळे 'समोरून जहाज आले तर काय करावे' याचा सराव खऱ्या समुद्रात, खऱ्या धोक्यासह करता येत नाही. तो एखाद्या खोलीतच करावा लागतो. खऱ्या परिस्थितीसारखी परिस्थिती कृत्रिमरीत्या उभी करून शिकणाऱ्याला तीत निर्णय घ्यायला लावण्याच्या या पद्धतीस सिम्युलेशन म्हणतात, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रणेला सिम्युलेटर.

ही पद्धत आता जहाज, विमान आणि अणुभट्टीपुरती राहिलेली नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळा, रुग्णालये, वाहनचालक प्रशिक्षण केंद्रे, कारखाने आणि कार्यालयांतील ऑनलाइन अभ्यासक्रम यांतही ती रुजत आहे. सागरी प्रशिक्षण, अणुऊर्जा आणि ऑनलाइन अभियांत्रिकी शिक्षण ही तिन्ही क्षेत्रे चेन्नई व परिसरात एकत्र आल्याने, सिम्युलेशनने काय साधते आणि कोठे ते अपुरे पडते, हे या शहराच्या उदाहरणातून स्पष्ट होते.

ऑर्गनच्या भात्यापासून सुरुवात

आधुनिक सिम्युलेटरचा उगम अमेरिकेतील एका वाद्यनिर्मिती कारखान्यात झाला. एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा व्यवसाय होता. ऑर्गनमधील भाते आणि हवेच्या दाबाची यंत्रणा वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी जमिनीवरच डोलणारे, कलणारे छोटे 'विमान' तयार केले. आरंभी त्याकडे जत्रेतील खेळणे म्हणूनच पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहतुकीचे काम आले. ढगाळ हवामानात केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिकांचा बळी गेला आणि त्यानंतर हवाई दलाने अशी सहा यंत्रे खरेदी केली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी त्यांवर सराव केला.

वैद्यकक्षेत्रात १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी कृत्रिम श्वसनाच्या सरावासाठी 'रिससी ॲन' ही मानवाकृती बाहुली आणली. भारतात वैद्यकीय पदवी शिक्षणाच्या २०१९ च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली. रुग्णाच्या शरीरावर पहिली सुई टोचण्यापूर्वी विद्यार्थ्याने ती कृत्रिम हातावर टोचलेली असावी, हा त्यामागील साधा हेतू आहे.

समुद्राविना समुद्रप्रवास

सागरी क्षेत्रात सिम्युलेटरच्या वापराला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार आहे. नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व पहारा यांविषयीचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार १९९५ मध्ये मोठ्या प्रमाणात सुधारण्यात आला. त्यानुसार रडार आणि टक्कर टाळण्यासाठीच्या स्वयंचलित आलेखन यंत्रणेचे प्रशिक्षण सिम्युलेटरवर देणे बंधनकारक झाले. २०१० मध्ये मनिला येथे झालेल्या सुधारणांनी इलेक्ट्रॉनिक नकाशांच्या प्रशिक्षणाचाही समावेश केला; त्या १ जानेवारी २०१२ पासून अमलात आल्या.

संसदेच्या कायद्यान्वये २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचे मुख्यालय चेन्नईत ईस्ट कोस्ट रोडवर आहे. मुंबई बंदर, नवी मुंबई, कोलकाता, विशाखापट्टणम आणि कोची येथेही त्याची संकुले आहेत. नवी मुंबईतील संकुल हे 'टी. एस. चाणक्य' या जुन्या प्रशिक्षण संस्थेचे पुढचे रूप असल्याने, मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या महाराष्ट्रातील तरुणांचाही या विद्यापीठाशी निकटचा संबंध येतो.

जहाजाच्या नियंत्रणकक्षाला नाविक 'ब्रिज' म्हणतात. ब्रिज सिम्युलेटरमध्ये सुकाणू, इंजिनाचे नियंत्रण, रडार, इलेक्ट्रॉनिक नकाशा आणि रेडिओ संच खऱ्याप्रमाणे मांडलेले असतात. खिडक्यांच्या जागी पडदे असतात व त्यांवर बंदर, दीपगृह, इतर जहाजे दिसतात. शेजारच्या खोलीत प्रशिक्षक बसलेला असतो. तो धुके आणतो, वाऱ्याची दिशा बदलतो, मासेमारी नौकांचा थवा वाटेत सोडतो किंवा ऐन वळणावर इंजिन बंद पाडतो. समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक जहाजांनी आपापल्या उजवीकडे वळावे, हा टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील दंडक प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मात्र रेडिओवर गोंगाट सुरू असताना, रडारवर अनेक ठिपके दिसत असताना आणि वरिष्ठ अधिकारी शेजारी उभा असताना तो दंडक वेळेत अमलात येतो का, हे सरावातच कळते.

करारातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. प्रशिक्षकाला सराव नियंत्रित करता यावा, त्यावर देखरेख ठेवता यावी आणि त्याची नोंद करता यावी, अशी अपेक्षा सिम्युलेटरकडून केलेली आहे. ही नोंद सरावानंतरच्या प्रभावी चर्चेसाठी असावी, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. सरावापूर्वी विद्यार्थ्याला उद्दिष्टे समजावून सांगणे आणि नंतर त्याच्या कामगिरीचा आढावा घेणे या गोष्टी यंत्राइतक्याच महत्त्वाच्या मानल्या आहेत. शिवाय हाच करार खऱ्या समुद्राला पर्याय मानत नाही. पहाऱ्यावरील अधिकारी होण्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा भाग म्हणून किमान १२ महिन्यांची समुद्रसेवा त्याने आवश्यक ठरवली आहे.

कल्पाक्कम : भट्टी सुरू होण्याआधीचा सराव

चेन्नईपासून सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेस कल्पाक्कम येथे मद्रास अणुऊर्जा केंद्र आणि इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी येथील समुद्रपाणी पंपगृहात शिरले, तेव्हा केंद्रातील दुसरी भट्टी सुरू होती. ती सुरक्षितपणे बंद करण्यात आली आणि किरणोत्सर्गाची कोणतीही घटना घडली नाही. अशा क्षणी घाबरून न जाता ठरलेल्या क्रमाने पावले उचलणे ही सवयीची बाब असते आणि ती सवय सरावातूनच लागते.

याच परिसरात ५०० मेगावॅट क्षमतेची प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर भट्टी उभारण्यात आली. द्रवरूप सोडियमने थंड होणारी या प्रकारची व क्षमतेची भट्टी देशात पूर्वी नव्हती. साहजिकच तिच्यावर काम केलेला अनुभवी चालकवर्गही नव्हता. तिचा चालकवर्ग घडवण्यासाठी 'कल्बर-सिम' नावाचा संपूर्ण व्याप्तीचा सिम्युलेटर विकसित करण्यात आला. नियंत्रणकक्षाची हुबेहूब प्रतिकृती आणि तिच्यामागे भट्टीतील भौतिक प्रक्रियांची गणिती प्रारूपे, अशी त्याची रचना आहे. मार्च २०२४ मध्ये भट्टीच्या गाभ्याच्या भरणीस (कोअर लोडिंग) प्रारंभ झाला, त्याच्या बऱ्याच आधी चालकांचा सराव सुरू झाला होता.

सिम्युलेशनचे बळ आणि त्याची मर्यादा या उदाहरणात एकत्र दिसतात. जे यंत्र अद्याप चाललेले नाही, त्याच्या बिघाडांचाही सराव शक्य होतो. मात्र प्रारूपात जे लिहिलेले नाही ते सिम्युलेटर दाखवू शकत नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला. त्याची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाला असे आढळले की, चालकांनी ज्या सिम्युलेटरवर प्रशिक्षण घेतले होते, त्यात त्या दिवशीची परिस्थिती निर्माण करण्याची सोयच नव्हती. त्यानंतर अणुकेंद्रांत संबंधित भट्टीचाच प्रतिकृती सिम्युलेटर असावा, या आग्रहाला जोर आला.

ऑनलाइन वर्गातील प्रयोगशाळा

अभियांत्रिकीच्या ऑनलाइन शिक्षणातही चेन्नईचे स्थान मोठे आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'एनपीटेल' उपक्रमाचे समन्वयन आयआयटी मद्रासकडे आहे. २०१४ पासून त्यात प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाले. व्याख्याने घरबसल्या पाहता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. सिद्धान्त आणि गणित शिकवण्यास ही पद्धत पुरेशी ठरते. अडचण येते ती हाताने करावयाच्या कामाची.

त्यावर उत्तर म्हणून केंद्र सरकारच्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेंतर्गत 'व्हर्च्युअल लॅब्स' हा प्रकल्प आकाराला आला. आयआयटी दिल्लीच्या समन्वयाखालील या प्रकल्पात आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय अशा बारा संस्था सहभागी झाल्या. काही प्रयोग निव्वळ संगणकीय प्रारूपावर चालतात. काहींत विद्यार्थी दूरवरच्या खऱ्या उपकरणाला इंटरनेटवरून आज्ञा देतो आणि त्याची खरी नोंद पाहतो. शालेय स्तरावर अमृता विश्वविद्यापीठम् आणि सी-डॅक मुंबई यांचा 'ओलॅब्स' हा उपक्रम असून त्यातील प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे दार वर्षातून दोनदाच उघडते, तेथील विद्यार्थ्याला आम्लात अल्कली थेंबथेंब घालून रंग बदलताना पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही पडद्यावरील प्रयोगात एक उणीव राहते. तेथे तार सैल होत नाही, मापकाचा काटा अडकत नाही, द्रावण सांडत नाही. प्रत्येक वाचन अपेक्षेबरहुकूम येते आणि 'उत्तर का चुकले' याचा शोध घेण्याची वेळच येत नाही. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स या विषयात पदवीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा प्रयोगशाळेच्या विषयांसाठी विद्यार्थ्यांनी चेन्नईच्या संकुलात प्रत्यक्ष येणे आवश्यक ठेवले. देशातील अग्रगण्य ऑनलाइन शिक्षणसंस्थेनेच पडदा आणि हात यांच्यात आखलेली ही सीमारेषा मानता येईल.

ही रेषा पुढे सरकवण्याचे प्रयत्नही येथेच सुरू आहेत. आयआयटी मद्रासच्या 'एक्सटिक' या केंद्रात आभासी वास्तव आणि स्पर्शाची कृत्रिम अनुभूती यांवर संशोधन चालते. टाका घालताना उतीचा किंवा पेच घट्ट करताना धातूचा विरोध हाताला जाणवला, तर पडद्यावरील सरावाची उपयुक्तता वाढेल, हा त्यामागचा विचार आहे.

कार्यालयात आणि कारखान्यात

नोकरीच्या ठिकाणी वापरले जाणारे सिम्युलेशन बहुधा साधे असते. पहिला प्रकार प्रसंगाधारित अभ्यासाचा. पडद्यावर रागावलेला ग्राहक किंवा गॅसगळतीची सूचना येते. कर्मचारी एक पर्याय निवडतो आणि त्यानुसार पुढचा प्रसंग बदलतो. दुसरा प्रकार यंत्राच्या सरावाचा. वेल्डिंग, रंगाची फवारणी किंवा क्रेन चालवणे यांसाठी नकली साधने वापरल्याने धातू, रंग आणि वीज वाचते व इजाही टळते. तिसरा प्रकार अनेक कार्यालयांत परिचित आहे : माहिती सुरक्षा विभाग स्वतःच फसवा ई-मेल पाठवतो आणि कोण त्यातील दुव्यावर क्लिक करतो हे पाहतो.

वाहनचालकांच्या बाबतीत सरकारने हे बंधनकारकच केले आहे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार केंद्रात सिम्युलेटर आणि स्वतंत्र चाचणी मार्ग दोन्ही असावे लागतात. येथेही यंत्र आणि प्रत्यक्ष रस्ता यांची जोडी तोडलेली नाही.

भाषेचा मुद्दा मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. चेन्नईच्या औद्योगिक पट्ट्यात तमिळ कामगारांबरोबर उत्तर व पूर्व भारतातून आलेले हजारो कामगार आहेत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथेही चित्र वेगळे नाही. इंग्रजीतील प्रसंग वाचून योग्य पर्याय निवडणे ही परीक्षा मग सुरक्षेची न राहता भाषेची होते. उत्तीर्णांची यादी तयार होते, पण धोक्याचा इशारा वाजल्यावर कोणती झडप आधी बंद करायची हे कळलेले असतेच असे नाही.

चुकीची सवयही सरावानेच लागते

सिम्युलेशनचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे त्यातून चुकीची सवय अंगी बाणणे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे एअरबस ए-३०० विमान न्यूयॉर्कहून उड्डाण केल्यानंतर काही मिनिटांतच कोसळले. विमानातील २६० आणि जमिनीवरील पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे गेलेल्या विमानामुळे ढवळलेल्या हवेत सापडल्यावर सहवैमानिकाने शेपटीवरील सुकाणू आलटूनपालटून जोरात फिरवले आणि त्या ताणाने शेपटीचा उभा पंखा निखळला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. सुकाणू यंत्रणेच्या रचनेबरोबरच, विमान कंपनीच्या प्रशिक्षण कार्यक्रमातील काही घटकही या अपघातास हातभार लावणारे ठरले, असे मंडळाने नमूद केले. त्या कार्यक्रमातील सिम्युलेटर सरावात अशी ढवळलेली हवा विमानाला प्रत्यक्षापेक्षा फार अधिक कलंडवत असे. वैमानिकाने सराव मन लावून केला असला, तरी सरावाचेच चित्र अवास्तव होते.

हा धडा साध्या ऑनलाइन अभ्यासक्रमालाही लागू पडतो. ज्या अभ्यासात प्रत्येक प्रश्नाचे सर्वांत लांब उत्तर बरोबर असते, त्यातून कर्मचारी लांब उत्तर निवडायला शिकतो. ज्यात चुकल्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' एवढेच दिसते, त्यात तो पर्याय बदलून पुढे जातो. फसव्या ई-मेलवर क्लिक करणाऱ्याची नावे जाहीर केली, तर पुढच्या वेळी खरी चूक झाल्यावर ती लपवण्याकडे कल वाढतो.

म्हणूनच यंत्र किती हुबेहूब आहे यापेक्षा त्याभोवती शिकवण्याची व्यवस्था कशी आहे, यावर सिम्युलेशनचे फळ अवलंबून असते. चूक करू देणे, ती शांतपणे दाखवून देणे आणि पुन्हा करून घेणे, हे तीन टप्पे त्या व्यवस्थेचा कणा आहेत. खर्चात कपात करताना नेमका मधला टप्पा गळतो, कारण त्यासाठी अनुभवी माणूस आणि त्याचा वेळ लागतो. ऑनलाइन प्रशिक्षणात तर एका वेळी हजारो जण सराव करतात. चर्चेला बसणारा प्रशिक्षक मात्र एखादाच असतो किंवा नसतोच.

पारखण्याच्या कसोट्या

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही वापरल्या जातात : प्रशिक्षणार्थीला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वर्तन बदलले का आणि संस्थेला त्याचा परिणाम दिसला का. बहुतांश ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मोजमाप पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. सिम्युलेशनवर पैसा खर्च करण्याचा हेतू मात्र तिसऱ्या आणि चौथ्या पायरीशी निगडित असतो.

संस्थेने सिम्युलेशन स्वीकारताना पुढील प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते :

• कोणती चूक टाळायची आहे आणि ती सरावात खरोखर करता येते का?

• प्रसंग कोणी लिहिला? ते काम रोज करणाऱ्या कामगारांनी तो तपासला आहे का?

• सराव कर्मचाऱ्याला समजणाऱ्या भाषेत आहे का?

• सरावाची नोंद राहते का, आणि ती पाहून चर्चा करण्यासाठी प्रशिक्षकाला वेळ दिला आहे का?

• सरावातील चुकीची नोंद कर्मचाऱ्याच्या बढतीविरुद्ध वापरली जाणार नाही, याची हमी आहे का?

• पडद्यावरील सरावानंतर प्रत्यक्ष कामावर देखरेखीखाली किती तास ठेवले आहेत?

यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे महागड्या यंत्राविनाही देता येतात. कारखान्यातील आराखडा टेबलावर पसरून 'आता येथे आग लागली' असे म्हणत पाळीतील सहा जणांनी आपापली कामे क्रमाने सांगणे, हेही सिम्युलेशनच होय. त्यासाठी अर्धा तास आणि जाणता पर्यवेक्षक लागतो. लहान उद्योगांना हा मार्ग आजच खुला आहे. पडद्यावरचे प्रसंग आणि आभासी चष्मे त्यात नंतर भर घालू शकतात.

एन्नोरच्या किनाऱ्यावरील तेल हातांनी उपसावे लागले. तशी वेळ पुन्हा येऊ नये यासाठीचे काम चेन्नई आणि नवी मुंबईच्या प्रशिक्षण कक्षांतून सुरू असते. तेथे विद्यार्थ्याचे जहाज पडद्यावर आदळते, प्रशिक्षक सराव थांबवतो, नोंद मागे नेऊन निर्णयाचा क्षण दाखवतो आणि तोच सराव पुन्हा सुरू करतो. ऑनलाइन प्रशिक्षणाने पडदा घराघरांत व कार्यालयांत पोहोचवला आहे. आता त्या पडद्यामागे असा प्रशिक्षक उभा करणे, हे शिक्षणसंस्था आणि उद्योग या दोघांपुढचे काम आहे.